वीस टक्के सच्छिद्रता दोन्हीकडे, मग तेल एकाच विहिरीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच ब्लॉकमध्ये दोन विहिरी, दोन्हींत एकाच थरातला वालुकाश्म, जाडी दोन्हीकडे साधारण ९ मीटर. घनतेच्या लॉगवरून (विहिरीत उपकरण उतरवून घेतलेल्या नोंदीवरून) सच्छिद्रता दोन्हीकडे २० टक्के निघाली. एका विहिरीतून दिवसाला अडीच-तीन हजार बॅरल तेल येतंय, दुसरीतून चाचणीच्या वेळी दोन-तीन बॅरलच्या वर काही आलं नाही. मग कोणतं खनिज संघटन असलेला वालुकाश्म चांगला, आणि सच्छिद्रतेची किमान मर्यादा किती धरायची, असं तुम्ही विचारलं आहे.

सच्छिद्रता एवढंच सांगते, की खडकात किती मावेल. मावलेलं बाहेर येईल का आणि किती वेगाने येईल, हे पोकळ्यांना जोडणाऱ्या अरुंद गळ्यांवर ठरतं. ते गळे मोकळे राहिले की बुजले, हे मुळात वाळू कसल्या कणांची होती आणि जमिनीखाली गाडली गेल्यावर तिला किती दाब, किती उष्णता आणि कसलं पाणी भेटलं यावर ठरतं. म्हणून संघटन आणि सच्छिद्रता हे दोन वेगळे मुद्दे धरून उत्तर मिळणार नाही. आज दिसणारे २० टक्के हे त्या संघटनाच्या इतिहासातून उरलेले आहेत, आणि दोन विहिरींत ते दोन वेगळ्या वाटांनी उरलेले असू शकतात.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर सोडायला हव्यात. साठा तेलाचा आहे की वायूचा, तेल किती घट्ट आहे, थराचं आजवरचं सर्वाधिक तापमान किती होतं, आणि खोदताना विहिरीत फिरवलेल्या चिखलाने थराचं किती नुकसान केलं, हे माहीत नसताना खडकाला दोष देणं घाईचं ठरेल. दुसऱ्या विहिरीची प्रेशर बिल्डअप चाचणी (विहीर बंद करून दाब कसा चढतो ते बघणं) झाली असेल तर स्किन, म्हणजे विहिरीलगतच्या नुकसानाचा आकडा, किती निघतो ते सगळ्यात आधी बघा.

हा स्किनचा मुद्दा आकड्यांतच पाहू. पारगम्यता (खडकातून द्रव किती सहज वाहतो त्याचं माप) ५०० मिलिडार्सी, जाडी ३० फूट, थरातला दाब आणि विहिरीच्या तळाचा दाब यांत ५०० पीएसआय फरक, तेलाची श्यानता (घट्टपणा) २ सेंटिपॉइज, फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर (तेल वर आल्यावर किती आकसतं ते सांगणारा आकडा) १.२, आणि निचरा-त्रिज्येच्या लॉगरिदमचा घटक ८ धरा. डार्सीच्या सूत्राने ०.००७०८ गुणिले ५०० गुणिले ३० गुणिले ५००, भागिले २ गुणिले १.२ गुणिले ८, म्हणजे दिवसाला सुमारे २,७७० बॅरल. बाकी सगळं तसंच ठेवून पारगम्यता ०.५ मिलिडार्सी केली की उत्तर येतं २.८ बॅरल. तुमच्या दोन विहिरींतला फरक जवळजवळ हाच आहे. आता पहिल्याच खडकात स्किन २० टाका: छेदातला ८ हा २८ होतो, उत्पादन साडेतीन पटीने घटतं. स्किन १०० असला तरी घट साडेतेरा पटींची. चिखलामुळे झालेलं नुकसान हजार पटींचा फरक सहसा समजावू शकत नाही. पर्फोरेशन (विहिरीच्या नळीला थरासमोर पाडलेली भोकं) पूर्ण बुजली असतील तर गोष्ट वेगळी, पण ते बिल्डअपच्या आलेखात आणि पर्फोरेशनच्या नोंदींत कळतं. म्हणून बाकी सगळं सारखं असेल, तर माझा संशय खडकावरच जातो.

दिजाँ शहरात वाळूच्या स्तंभांतून पाणी सोडून हेन्री डार्सीने १८५६ साली मांडलेल्या या नियमात सच्छिद्रता हा आकडा कुठेच नाही. तरुण अभियंत्यांनी हे एकदा शांतपणे बघावं असं मला फार वाटतं. सच्छिद्रता साठ्याच्या हिशोबात येते, प्रवाहाच्या हिशोबात पारगम्यता येते. दोघींना जोडणारा धागा म्हणजे गळ्याचा आकार.

गळ्याचा अंदाज बांधायला विनलंडचं समीकरण उपयोगी पडतं. दाबाने पारा भरताना ३५ टक्के पोकळी भरते त्या क्षणी असलेल्या गळ्याच्या त्रिज्येचा लॉगरिदम = ०.७३२ + ०.५८८ गुणिले पारगम्यतेचा लॉगरिदम − ०.८६४ गुणिले सच्छिद्रतेचा लॉगरिदम. पारगम्यता मिलिडार्सीत, सच्छिद्रता टक्क्यांत. २० टक्के आणि ५०० मिलिडार्सीला त्रिज्या येते जवळजवळ १६ मायक्रॉन. २० टक्के आणि ०.५ मिलिडार्सीला येते ०.२७ मायक्रॉन. पोकळीची बेरीज तीच, गळे साठ पटींनी अरुंद. गळा अरुंद झाला की केशिकाबलाने पाणीही जास्त अडकतं, त्यामुळे साठाही घटतो: २० टक्क्यांत पाण्याचा वाटा २० टक्के असेल तर खडकाच्या १६ टक्के आकारमानात तेल आहे, पाण्याचा वाटा ६५ टक्के असेल तर फक्त ७ टक्क्यांत.

आता हे गळे बनतात कसे, तिथून संघटनाकडे जाऊ. ताज्या, एकसारख्या आकाराच्या कणांच्या वाळूत सुरुवातीची सच्छिद्रता ४० ते ४२ टक्के असते. कण जाड की बारीक याने या आकड्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो निवडीने, म्हणजे कण किती एकसारखे आहेत याने. लहान-मोठे कण मिसळलेले असले की लहान कण मोठ्यांच्या फटीत बसतात आणि हाच आकडा २८ च्या आसपास येतो. पारगम्यता मात्र कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्यास निम्मा झाला की पारगम्यता साधारण चौथाई. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या विहिरीत त्याच थरातली वाळू नदीच्या मुख्य पात्राऐवजी काठाबाहेरच्या पसरटात साचलेली, बारीक कणांची असेल, तर दोन्हीकडे २० टक्के असूनही दहा-वीस पटींचा फरक केवळ तेवढ्यानेच पडतो. हजार पटींसाठी मात्र आणखी काही लागतं.

बाडमेरचं खोरं याचं ठळक उदाहरण आहे. तिथे २००४ साली सापडलेल्या मंगला क्षेत्रात फतेहगढ शैलसमूहातली नदीनिर्मित वाळू आहे. सच्छिद्रता साधारण २१ ते २८ टक्के, पारगम्यता २०० मिलिडार्सीपासून थेट २० डार्सीपर्यंत. तेल मेणाळ, घट्ट, गार झालं की गोठणारं. तरीही इतक्या मोकळ्या गळ्यांमुळे ते वाहतं. त्याच खोऱ्यात त्याच्या वर बाडमेर हिल शैलसमूहाचं पोर्सेलेनाइट आहे. सच्छिद्रता तितकीच, काही ठिकाणी जास्तही, पण पारगम्यता एक-दोन मिलिडार्सी किंवा त्याहून कमी, आणि उत्पादनासाठी हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग (दाबाने द्रव सोडून खडकाला भेगा पाडणं) करावंच लागतं. ते वालुकाश्म नाही, सूक्ष्म सिलिकाचा खडक आहे, म्हणून त्याला तुमच्या विहिरीशी सरळ जोडू नका. पण सच्छिद्रतेच्या एका आकड्यावर खडकाची प्रत ठरवण्यात काय धोका आहे, ते एकाच खोऱ्यात दिसतं.

वालुकाश्माच्या कणांची तीन घराणी धरतात: क्वॉर्ट्झ, फेल्स्पार आणि खडकांचे तुकडे. क्वॉर्ट्झ कडक, रासायनिकदृष्ट्या सुस्त. वरून हजारो मीटर गाळाचं ओझं आलं तरी कण चेपत नाहीत, फक्त सरकून घट्ट बसतात. कणांमधली जागा साधारण २६ टक्क्यांपर्यंत आली की नुसत्या सरकण्याने ती आणखी फारशी घटत नाही. खडकांचे तुकडे मात्र कसले आहेत यावर सगळं अवलंबून. शेल, फायलाइट, शिस्ट, हवामानाने कुजलेला ज्वालामुखी खडक, हे मऊ. कडक कणांच्या मधे ते पिठाच्या गोळ्यासारखे दाबले जातात आणि गळ्यांत पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पसरलेली सामग्री मूळचा चिखल वाटते आणि माणूस खडकाला चिखलमिश्र वालुकाश्म ठरवून मोकळा होतो. तो फरक ओळखायला हवा, कारण चिखल साचण्याच्या जागेबद्दल सांगतो, दाबलेला तुकडा वाळूच्या उगमाबद्दल.

हा हिशोब हाताने करता येतो. ताज्या वाळूचे १०० घन सेंमी घ्या: ४० पोकळी, ६० कण. कण तितकेच राहतात, असं समजू. क्वॉर्ट्झच्या वाळूत गाडल्यावर कणांमधली जागा एकूण खडकाच्या २८ टक्के उरली. म्हणजे ६० हे आता ७२ टक्के झाले, एकूण आकारमान ८३.३, कणांमधली जागा २३.३. दाबाने १६.७ गेले. त्या २८ टक्क्यांत ८ टक्के सिमेंट (कणांमध्ये नंतर वाढलेलं, त्यांना जोडणारं खनिज) असेल तर सच्छिद्रता २० टक्के. आता मऊ तुकड्यांच्या वाळूत कणांमधली जागा १२ टक्क्यांवर आली असेल, तर ६० हे ८८ टक्के झाले, एकूण ६८.२, आणि दाबाने जवळजवळ ३२ गेले. दाबाने गेलेली जागा कायमची गेली. सिमेंट निदान पुढेमागे विरघळू तरी शकतं. चेपलेला कण परत फुगत नाही.

आपल्या दख्खनच्या पठाराचा इथे खरा संबंध येतो. गुजरातच्या खंबात खोऱ्याचा तळ दख्खन ट्रॅपचा बेसाल्ट आहे. त्याच्या लगेच वर ओल्पाड शैलसमूह आहे, बराचसा त्याच बेसाल्टच्या झिजेतून साचलेला, म्हणून त्याला ट्रॅप वॉश म्हणतात. बेसाल्टमध्ये क्वॉर्ट्झ जवळजवळ नाही. पायरॉक्सीन, प्लॅजिओक्लेज, काच, सगळं झटपट बदलणारं. गाडल्यावर त्यातून स्मेक्टाइट, क्लोराइट ही क्ले (चिकणमातीची) खनिजं आणि झिओलाइट तयार होतात आणि गळे भरतात. त्याच खोऱ्यात अंकलेश्वरची इओसीन काळातली त्रिभुज प्रदेशातली वाळू आहे. तिथे १९६० साली तेल लागलं आणि पहिल्या विहिरीचं नाव वसुधारा ठेवलं गेलं. ती वाळू क्वॉर्ट्झप्रधान आहे, आणि ट्रॅप वॉशच्या तुलनेत फार सरस साठा. खोरं एकच असलं तरी वाळू कुठल्या डोंगरातून आली, त्यावर प्रत बदलली. मुंबई हायचं उदाहरण मी मुद्दाम घेत नाही, कारण तिथला मुख्य साठा चुनखडकात आहे आणि त्याचे नियम वेगळे.

पण 'क्वॉर्ट्झ म्हणजे उत्तम' हेही अर्धंच खरं. दाबाला क्वॉर्ट्झ तोंड देतो, उष्णतेपुढे तोच अडचणीत येतो. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर क्वॉर्ट्झच्या कणांवर क्वॉर्ट्झचंच सिमेंट वाढू लागतं, आणि १०० च्या पुढे वेग घेतं. सिलिका येते ती मुख्यतः कणांच्या स्पर्शाशी, विशेषतः जिथे अभ्रक किंवा क्लेचा पापुद्रा क्वॉर्ट्झला टेकलेला असतो तिथून, विरघळून. कण जितके स्वच्छ, तितकं हे सिमेंट सहज वाढतं. म्हणून खोलीपेक्षा तापमान बघा. पृष्ठभागाशी २५ अंश आणि दर किलोमीटरला ३० अंश वाढ धरली तर ८० अंश येतात सुमारे १.८ किलोमीटरवर; वाढ ४० अंश असेल तर १.४ किलोमीटरवरच. खंबातसारख्या उष्ण खोऱ्यात दुसऱ्या देशातले खोलीचे तक्ते लावले की हमखास फसगत होते. आणि आजचं तापमान घेऊ नका. थर पूर्वी खोल जाऊन नंतर वर उचलला गेला असेल तर सिमेंट त्या जुन्या तापमानाचं असतं.

याला एक सुंदर अपवाद आहे. कणांवर क्लोराइटचा पातळ, सलग थर आधीच बसला असेल, तर नव्या क्वॉर्ट्झला वाढायला मोकळा पृष्ठभागच मिळत नाही. अमेरिकेत लुइझियानाच्या टस्कलूसा वालुकाश्मात ६ किलोमीटरच्या आसपासच्या खोलीवरही २० टक्क्यांहून जास्त सच्छिद्रता टिकली आहे, ती याच थरामुळे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या ज्युरासिक वाळूतही हेच दिसतं. इथे अट एकच: थर सलग हवा. कणाच्या थोड्याशा उघड्या भागातूनही क्वॉर्ट्झ वाढून पोकळी भरतो. थर जाड झाला तर मात्र तोच क्लोराइट गळे अडवतो. म्हणजे 'क्लोराइट किती टक्के' या प्रश्नाला उत्तर नाही. 'क्लोराइट कुठे' याला आहे. एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी खनिजं ओळखण्याचा) अहवाल पहिलं सांगतो, दुसऱ्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

क्ले खनिजांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तुमच्या दुसऱ्या विहिरीचं उत्तर बहुतेक इथेच आहे. केओलिनाइट पुस्तकाच्या पानांसारख्या चवडीत पोकळीच्या मधोमध बसतो. जागा खातो, पण गळे तुलनेने मोकळे ठेवतो. त्याचा धोका वेगळा: चवड सैल असते, प्रवाह जोरात झाला की पानं सुटतात आणि गळ्यात अडकतात. स्मेक्टाइट गोड्या पाण्यात फुगतो. इलाइट सगळ्यात वाईट, कारण तो केसांसारख्या तंतूंनी पोकळीतून आडवातिडवा पसरतो. उत्तर समुद्राच्या दक्षिण भागातल्या रोटलीगेंड वालुकाश्मात, मूळच्या उत्तम वाळवंटी वाळूत, इलाइटच्या तंतूंमुळे पारगम्यता दहा ते शंभर पटींनी घटलेली आढळते, आणि सच्छिद्रतेचा आकडा मात्र जेमतेम हलतो. पोकळी तेवढीच, पण एका मोठ्या खोलीच्या शंभर कोंदट कोनाड्या झाल्या. केओलिनाइट आणि पोटॅशियम फेल्स्पार शेजारी असतील, तर १२० ते १४० अंशांच्या पट्ट्यात त्यांच्यातून इलाइट तयार होतो. त्यामुळे फेल्स्पारयुक्त वाळूचा थर या तापमानाला पोचला होता का, हा प्रश्न मी फार लवकर विचारतो.

फेल्स्पार विरघळून पोकळ्या तयार होतात हे खरं. सूक्ष्मदर्शकात अर्धवट खाल्लेले कण दिसले की अहवालात 'दुय्यम सच्छिद्रता, उत्तम साठा' असं लिहिलं जातं, पण विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम खडकातून फार लांब जात नाही. जवळच केओलिनाइट म्हणून बसतं, सिलिका क्वॉर्ट्झ म्हणून. निव्वळ नफा अनेकदा थोडाच असतो. शिवाय कणाच्या आतली पोकळी सिमेंटच्या कवचात बंद असली तर ती मोजली जाते, पण वाहत नाही. त्यामुळे मोजणी करताना कणांमधली आणि कणांतली सच्छिद्रता वेगवेगळी नोंदवा.

कॅल्साइटचं प्रकरण तुलनेने सोपं आहे. तो ठिगळांसारखा असतो. तीस सेंमी ते एक मीटर जाडीचे कडक पट्टे घनतेच्या लॉगवर उंच टोकांसारखे उठून दिसतात. पट्टा दूरवर सलग असेल तर उभा प्रवाह अडवतो, गोट्यांसारखा तुटक असेल तर फारसा नाही.

इथवरचा सांधा असा: दाब मऊ कणांना मारतो, उष्णता स्वच्छ क्वॉर्ट्झला, आणि रसायन फेल्स्पार व बेसाल्टच्या तुकड्यांना. आता तुमच्या मूळ आकड्यावर येऊ, कारण ते २० टक्के मला दोन्हीकडे सारखेच खरे वाटत नाहीत.

घनतेच्या लॉगवरून सच्छिद्रता काढताना कणांची घनता २.६५ धरली असणार. लॉगची घनता २.३२ आणि द्रवाची १.० असेल, तर ०.३३ भागिले १.६५, म्हणजे २० टक्के. पोटॅशियम फेल्स्पार बराच असेल तर कणांची सरासरी २.६१ येऊ शकते, आणि तेच वाचन १८ टक्के देतं. क्लोराइट, अभ्रक, थोडा सिडेराइट असेल आणि सरासरी २.७१ असेल, तर तेच वाचन जवळजवळ २३ टक्के होतं. सिडेराइटची घनता ३.९ च्या आसपास असते, त्यामुळे दोन-चार टक्केही पुरतात. म्हणजे तुमच्या वाईट विहिरीत एकूण सच्छिद्रता चांगल्या विहिरीपेक्षा जास्तही असू शकते. फक्त तिचा मोठा हिस्सा क्लेच्या पानांमधला, पाण्याने बांधलेला.

दुसरी गफलत गॅमा लॉगची, म्हणजे खडकाचा नैसर्गिक किरणोत्सार मोजणाऱ्या नोंदीची. पोटॅशियम फेल्स्पार आणि अभ्रक किरणोत्सारी, त्यामुळे अर्कोज प्रकारची (फेल्स्पार भरपूर असलेली) चांगली वाळू शेलसारखी दिसते आणि वगळली जाते. उलट केओलिनाइटमध्ये पोटॅशियम जवळजवळ नसतो, त्यामुळे त्याने भरलेली वाळू गॅमावर स्वच्छ दिसू शकते. शक्य असेल तिथे स्पेक्ट्रल गॅमा (पोटॅशियमचा वाटा वेगळा दाखवणारा) घ्या. एनएमआर लॉग (पोकळीतल्या द्रवाचा चुंबकीय प्रतिसाद किती वेळात विरतो ते मोजणारा) असेल तर फारच बरं: वालुकाश्मात ३ मिलिसेकंदांच्या खालचा भाग क्लेतलं पाणी, ३ ते ३३ मधला केशिकाबलाने अडकलेला, ३३ च्या वरचा वाहू शकणारा, असा ढोबळ विभाग करतात. पण लोहयुक्त क्लोराइट असेल तर सगळेच काळ आखडतात आणि ३३ ची मर्यादा वाहू शकणारं तेलही अडकलेलं दाखवते. तिथे मर्यादा कोअरवरूनच (विहिरीतून कापून काढलेल्या खडकाच्या सलग नमुन्यावरूनच) ठरवावी लागते. याच क्लोराइटच्या थरात पाणी भरून राहिल्याने रोधकता (विजेला होणारा विरोध) घटते आणि तेलाचा थर पाण्याचा वाटतो, हेही लक्षात असू द्या.

प्रत्यक्ष कामाचा क्रम मी असा ठेवतो. कोअर असेल तर दर ३० सेंमीला आडवा प्लग (कोअरमधून कापलेला छोटा दंडगोल), आणि अधूनमधून उभा. हेलियमने सच्छिद्रता, वायूने पारगम्यता, क्लिंकेनबर्गची दुरुस्ती (अरुंद गळ्यांतून वायू द्रवापेक्षा सहज जातो, त्यासाठीची) लावून, आणि थरातल्या निव्वळ दाबाखाली. ०.५ मिलिडार्सीच्या खडकात पृष्ठभागावरचं मोजमाप आणि दाबाखालचं मोजमाप यांत मोठी तफावत निघते, ५०० मिलिडार्सीच्या खडकात किरकोळ. प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या वाळूचा निळ्या रेझिनने भरलेला पातळ छेद, किमान ३०० बिंदूंची मोजणी. मग एक्सआरडी, दोन मायक्रॉनखालच्या क्लेचं वेगळं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, आणि निवडक चार-पाच नमुन्यांवर पाऱ्याची केशिकादाब चाचणी.

यात सगळ्यात जास्त बिघडतं ते नमुना वाळवताना. क्ले असलेला कोअर १०० अंशांच्या पुढच्या कोरड्या भट्टीत टाकला, की क्लेचं बांधलेलं पाणी उडतं आणि इलाइटचे तंतू कणांना चिकटून बसतात. प्रयोगशाळा मग थरात नसलेली पारगम्यता कळवते, कधी खऱ्याच्या कित्येक पट. अशा खडकाला ६० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेची भट्टी हवी, आणि इलाइट दाट असेल तर क्रिटिकल पॉइंट ड्राइंग, म्हणजे तंतू न चिकटू देता वाळवण्याची पद्धत. कोअर पाठवताना हे लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं भट्टीपर्यंत पोचत नाही. कोअर नसेल तर फिरत्या बिटने कापलेला साइडवॉल कोअर घ्या. स्फोटाने ठोकलेल्या साइडवॉल नमुन्यात कण फुटतात. त्याचं खनिज संघटन वापरता येतं, पारगम्यता नाही.

उपचाराचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढचं पाऊल तेच असणार, म्हणून सांगतो. दुसऱ्या विहिरीत स्किन शून्याच्या जवळ असेल, तर आम्लप्रक्रियेवर पैसा घालू नका. वालुकाश्मातलं आम्ल विहिरीभोवतीचे काही फूट साफ करतं, मूळ ०.५ मिलिडार्सी बदलत नाही. तिथे फ्रॅक्चरिंगचाच विचार करावा लागेल. स्किन मोठा असेल तर आम्लाची ताकद संघटनावरून ठरते. क्वॉर्ट्झ ८० टक्क्यांच्या वर आणि क्ले ५ च्या खाली असेल, तर १२ टक्के हायड्रोक्लोरिक आणि ३ टक्के हायड्रोफ्लोरिक हे नेहमीचं मड अ‍ॅसिड चालतं. फेल्स्पार २० टक्क्यांच्या वर असेल तर १३.५ आणि १.५, क्ले १० च्या वर असेल तर ६.५ आणि १, आणि लोहयुक्त क्लोराइट भरपूर असेल तर ३ आणि ०.५ इतकं सौम्य. हे आकडे चांगल्या, १०० मिलिडार्सीच्या वरच्या वाळूसाठी आहेत. घट्ट वाळूत आणखी सौम्य. खडकाचा २० टक्क्यांहून जास्त भाग हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळत असेल तर हायड्रोफ्लोरिक घालूच नका, कॅल्शियम फ्लोराइडचा साका गळ्यांत बसेल. पोटॅशियम फेल्स्पार किंवा इलाइटवर जोरकस हायड्रोफ्लोरिक पडलं की पोटॅशियमचे फ्लुओसिलिकेट खाली बसतात. क्लोराइटमधलं लोह विरघळून येतं, आणि आम्ल खर्च होऊन पीएच २ च्या वर गेला की फेरिक हायड्रॉक्साइडचा गोळा होतो, म्हणून लोह बांधून ठेवणारं रसायन सोबत लागतं. विहिरीत जाणारं कुठलंही पाणी २ ते ३ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं असू द्या, स्मेक्टाइट असो वा नसो.

किमान मर्यादेबद्दल: तेलाच्या नेहमीच्या वालुकाश्मात ८ ते १० टक्के सच्छिद्रता आणि १ मिलिडार्सी, वायूसाठी ०.१ मिलिडार्सी, हे आकडे सर्रास वापरले जातात. सुरुवातीला चालतात, अहवालात नाहीत. सच्छिद्रता-पारगम्यतेचा आलेख खनिज-प्रकारांनुसार वेगळा काढा. क्लोराइटचा थर असलेली वाळू, केओलिनाइटची, इलाइटची, मऊ तुकड्यांची, प्रत्येकीची रेष वेगळी बसेल. पहिलीत १ मिलिडार्सी १० टक्क्यांवर मिळेल, इलाइटच्या वाळूत कदाचित १८ वरही मिळणार नाही. सगळे ठिपके एकत्र टाकून एकच रेष मारली, की तुमची दुसरी विहीर नेमकी त्या रेषेच्या सरासरीत हरवते. मग ज्या थरात तेल हलणारच नाही, तो थरही साठ्यात मोजला जातो.

दुसऱ्या विहिरीत कोअर घेतलेला नसेल, तर त्या ९ मीटरमधले कटिंग्ज (खोदताना वर आलेले खडकाचे तुकडे) शोधा. सुटे कण नकोत, कण एकमेकांना चिकटलेले असतील असे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे वेचा. असे आठ-दहा तुकडे निळ्या रेझिनमध्ये बसवून छेद करा आणि उरलेल्यांतले दोन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. निळा रंग कणांमध्ये मोकळा पसरलेला आहे, की फिकट, धुरकट होऊन क्लेत शोषला गेला आहे, हे पहिल्या छेदातच दिसेल.